अव्वाच्या डाव्या बाजूचा खळगा

१

फोमची गादी घरात आली की माणूस पहिले आठ दिवस तिच्याशी भांडतो, हे लातूरच्या दुकानदारानं वीरेशला आधीच सांगून ठेवलं होतं. "गरम होतंय म्हणाल, बुडाल्यासारखं होतंय म्हणाल. आठ-धा दिवस कळ काढा सायेब. मग कापसाची गादी फुकट दिली तरी घेणार न्हाई तुमी."

वीरेशनं ही गादी स्वतःसाठी घेतलीच नव्हती. चाकूरच्या बाजारात त्याचं आडत दुकान, दिवसभर तुरीच्या आणि सोयाबीनच्या पोत्यांत वावरणारा गडी तो. संध्याकाळी फरशीवर पडला तरी घोरायला लागायचा. गादी होती आईसाठी. शांतम्माला घरात सगळे अव्वा म्हणत. अव्वाचे पती, म्हणजे वीरेशचे वडील शिवमूर्तीअप्पा, संक्रांतीच्या चार दिवस आधी लिंगैक्य झाले आणि तेव्हापासून अव्वाची झोप जी गेली ती परत फिरकलीच नाही. तीन महिने! बीपी दोनशेच्या घरात जायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी वीरेशला बाजूला घेतलं आणि स्पष्टच सांगितलं, की गोळ्या आता आणखी वाढवता येणार नाहीत, बाईंना झोप लागली पाहिजे, नाहीतर एखाद्या दिवशी मेंदूतली नस जाईल. वीरेशला वडिलांच्या पाठोपाठ आई घालवायची नव्हती. तो दवाखान्यातून निघाला तो सरळ गादीच्या दुकानात शिरला.

गादी पलंगावर टाकली तेव्हा घरात पाहुणा आल्यासारखी गडबड उडाली. वीरेशची बायको दामिनी आधी टेकून बसली आणि हसत सुटली. "अगं बाई, कणकेच्या गोळ्यावर बसल्यावानी होतंय की!" अव्वानं मात्र नाक मुरडलं. नव्या चपलेसारखा वास येतोय म्हणाली. मग तिनं हाताचा पंजा गादीत दाबला आणि उचलला. पाचही बोटं फोममध्ये उमटली, थोडा वेळ तशीच राहिली आणि हळूहळू भरून आली. अव्वानं तो खेळ तीनदा केला.

"माणूस उठून गेलं तरी हिला कळत न्हाई वाटतं लवकर," ती म्हणाली.

२

पहिले चार दिवस अव्वानं गादीला मनसोक्त शिव्या घातल्या. पाठीखाली घाम येतो, कूस बदलायला गेलं तर गादी सोडत नाही, उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. वीरेश रोज विचारायचा, अव्वा रोज नवी तक्रार काढायची. पाचव्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला तर दामिनी ओठावर बोट ठेवून दारातच उभी. आतल्या खोलीत कूलर घुमत होता आणि अव्वा चक्क झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहान लेकरासारखी. दोघं नवरा-बायको दारात उभं राहून बघतच राहिले. वीरेशच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

अव्वा दोन तास झोपली. उठल्यावर न्हाणीत गेली आणि दामिनी चादर सारखी करायला वाकली. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "ओ, जरा हिकडं येता का?"

अव्वा पलंगाच्या उजव्या बाजूला झोपायची. चाळीस-बेचाळीस वर्षांची सवय. डावी बाजू अप्पांची. उजव्या बाजूला तिच्या अंगाचा ठसा होता, उथळ आणि भरत आलेला. डाव्या बाजूला खळगा होता. मागं गोल आणि खोल, पुढं दोन बाजूंना दोन लहान खड्डे, आणि मधे फोम किंचित फुगलेला.

वीरेशला ओळखायला वेळ लागला नाही. दुकानातल्या बैठकीवर उभा जन्म त्यानं माणसं तशी बसलेली पाहिली होती. मांडी घालून बसलेला माणूस उठला की मागं अशीच जागा राहते.

"अव्वा बसल्या असतील उठून," तो म्हणाला.

"मी दारातनं हललेच न्हाई हो," दामिनी म्हणाली. "आन् बसल्या तर आपल्या जागेवर बसतील की. तिकडं कशाला सरकतील?"

वीरेशनं माल खराब निघाला असं ठरवून टाकलं.

३

माल खराब असता तर खळगा तिथंच राहिला असता. पण तो संध्याकाळपर्यंत भरून यायचा आणि दुसऱ्या दुपारी अव्वा झोपून उठली की पुन्हा दिसायचा. वीरेशनं गादी पालथी केली. मग डोक्याची बाजू पायाकडे केली. खळगा अव्वाच्या डावीकडेच पडला. एकदा तर त्यानं अव्वालाच गोड बोलून पलंगाच्या त्या टोकाला, अप्पांच्या बाजूला झोपवलं. त्या दिवशी खळगा कुठंच पडला नाही, आणि अव्वाला डोळ्याला डोळा लागला नाही. त्यांच्या जाग्यावर दुसरंच कुणीतरी निजल्यासारखं वाटतंय, असं म्हणून ती पुन्हा आपल्या बाजूला आली.

आता या सगळ्याचं काय करायचं? कारण अव्वाची तब्येत तर सुधारत होती. चेहऱ्यावर पाणी आलं होतं. भाकरी एकीची दीड झाली होती. बीपी मोजणारी नर्स दोनदा पट्टा आवळून खात्री करून घ्यायची. गल्लीतल्या बायका गादी बघायला यायच्या आणि हाताने दाबून जायच्या.

एका सकाळी वीरेश दुकानाला निघत होता तेव्हा गादीच्या दुकानातून फोन आला. एक पोरगी पाठ केलेलं बोलत होती. गादी कशी आहे, पाठीला आराम आहे का, पाचपैकी किती मार्क द्याल. वीरेशनं फोन स्पीकरवर टाकून अव्वापुढं धरला. अव्वाला फोनवर बोलायची भारी हौस.

"लई चांगली हाय बाई. आधी कुरकुर केली मी. आता झोप लागायलीय."

"एका गादीवर किती जण झोपता, आजी?"

"दोघं," अव्वा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हंजी, झोपती मी एकटीच."

पोरगीनं धन्यवाद म्हणून फोन ठेवला. वीरेश चप्पल हातात घेऊन तसाच उभा.

"अव्वा, दोघं कोण?"

"काय दोघं?"

"आत्ता म्हणलीस न्हवं? दोघं म्हणून."

"मी कवा म्हणलं?" अव्वानं त्याच्याकडे असं पाहिलं की वीरेशलाच आपल्या कानांची शंका आली. "दुकानला जा तू. ऊन व्हलालंय."

४

वीरेश भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याचा विश्वास वजनावर. पोतं हाताने हलवून किलोभर इकडंतिकडं न होता वजन सांगायचा, आणि बाजारात त्याचं त्यासाठी नावही होतं. एका सकाळी अव्वा आणि दामिनी मठात गेल्या होत्या. त्यानं दुकानातला हमाल दगडोबा याला तुरीचे कट्टे घेऊन घरी बोलावलं.

"पलंगावर ठेवू?" दगडोबानं दोनदा विचारलं.

"ठेव म्हणलं ना. पोतं झटकून ठेव, चादर मळंल."

आदल्या दिवशीचा खळगा वीरेशनं मोजून ठेवला होता. त्यावर सुतळी आडवी ताणून खाली बोटं घातली होती. चार बोटं भरली होती. आता त्यानं आधी चाळीस किलोचा कट्टा डाव्या बाजूला उभा ठेवायला लावला. अव्वाचं वजन बेचाळीस. पाच मिनिटांनी कट्टा उचलला, सुतळी ताणली. जेमतेम दोन बोटं. मग पन्नास. मग साठ. दगडोबा घामाघूम झाला होता आणि मालकाच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, या नजरेनं बघत होता. पन्नासाचा कट्टा आणि वर अठ्ठावीस किलोची गोणी ठेवली तेव्हा बरोबर चार बोटं भरली.

अठ्ठ्याहत्तर.

"मालक," दगडोबा घाम पुसत म्हणाला, "कुनाचं वजन काढलालाव तुमी?"

वीरेशनं त्याला चहाला पाठवलं. स्वतः घड्याळ बघत बसला. कट्ट्यांचा खड्डा वीस आकडे मोजून होईपर्यंत भरून आला. फोम पुन्हा सपाट, जणू काही झालंच नाही. मग अव्वाच्या शेजारचा खळगा संध्याकाळपर्यंत का राहतो? त्यानं डोकं खूप खाजवलं. उन्हानं फोम मऊ पडत असेल. कूलरची ओल लागत असेल. एक कारण सापडलं की त्याला बरं वाटायचं आणि पायरी उतरेपर्यंत ते कारण फुसकं निघायचं.

अप्पांचं आजारापूर्वीचं वजन त्याला माहीत होतं. दुकानातल्या काट्यावर गंमत म्हणून ते दर दिवाळीला बसायचे. पण वीरेशनं तो आकडा त्या दिवशी मनात येऊ दिला नाही.

५

मनात येऊ न द्यायचं आणखी एक होतं. ते दामिनीला माहीत नव्हतं आणि अव्वाला तर मुळीच नाही.

अप्पा नांदेडच्या दवाखान्यात पहाटे पाचला गेले. थंडी मी म्हणत होती. कागद व्हायला दोन तास लागले. पुढं लोह्याच्या अलीकडे ॲम्ब्युलन्स बंद पडली, दुसरी गाडी येईपर्यंत सगळे रस्त्याकडेला थांबले. चाकूरला पोचायला दुपार टळली. तोवर अप्पांचं अंग लाकूड झालं होतं. बसवायला तर हवं होतं. त्यांच्या लिंगायतांत माणसाला मातीत आडवं करत नाहीत, मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात. कोमट पाण्यानं शेकून, चोळून, चौघांनी मिळून गुडघे दुमडले आणि उपरण्यांनी घट्ट बांधले. अंगावर शाल, गळ्यात हार. भिंतीला टेकवून बसवलेल्या अप्पांना अव्वानं डोळे भरून पाहिलं. तेवढंच तिनं पाहिलं. ती घरीच थांबली.

खड्ड्यात उतरवल्यावर बांधलेलं सोडलं आणि अप्पांचे पाय सुटले. ते एका कुशीला कलंडले. पुन्हा उचललं, पुन्हा कलंडले. तिसऱ्यांदा उचलताना वीरेशच्या हातात त्यांचा दंड होता आणि त्याला ते सहन होईना. दिवस मावळत होता. माणसं सकाळपासून उपाशी होती. मठाचे रामलिंगस्वामी विभूतीचं ताट घेऊन खड्ड्याच्या काठावर उभे होते, आणखी एकदा करू म्हणत होते. वीरेशच म्हणाला, "राहू द्या स्वामी. लई दमलेत ते. निजू द्या आता."

स्वामींनी त्याच्याकडे पाहिलं. मुलगाच सांगतोय म्हटल्यावर माणसं मागं सरली. आडव्याच अप्पांवर बेलपान पडलं, विभूती पडली आणि माती लोटली गेली.

घरी आल्यावर अव्वानं एकच विचारलं होतं, "नीट बसवलं न्हवं?" वीरेश पाय धूत होता. पाठ तिच्याकडे होती. तो "हाव" म्हणाला होता.

खरं सांगायचं तर त्याला तेव्हा ते पाप वाटलं नव्हतं. मायाच वाटली होती. मेलेल्या माणसाचे पाय मोडायचे नाहीत, एवढीच. पण तुरीचे कट्टे परत गेल्यापासून त्याला ती माया नेमकी कुणावर केली तेच कळेनासं झालं.

६

गादी परत करायची, असं त्यानं ठरवलं. दामिनीनं ऐकलं आणि ती भडकलीच.

"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? तीन आठवड्यांत बीपी उतरलंय त्यांचं. दागतर म्हणले, असंच चालू ठेवा. आन् तुमी गादी काढून न्या म्हणलालाव?"

"दुसरी आणू. कापसाची."

"कापसाच्यावर झोप येत व्हती का त्यांना?"

"दामिनी, तो खळगा..."

"हाय ना खळगा. असू द्या." ती खाली बसली. तिचा आवाज बारीक झाला. "मलाबी भ्या वाटतंय. पण मी रोज चादर घालून टाकते त्याच्यावर. त्यांना झोप लागलालीय, आपल्याला दुसरं काय पायजे?"

तिचं खरं होतं आणि त्यामुळेच वीरेश जास्त गोंधळला. गादी राहिली तर शेजारी ते बसतं. जे काही असेल ते. गादी गेली तर अव्वाची झोप जाईल, आणि झोप गेली तर डॉक्टर म्हणाले ते होईल. तीन दिवस त्यानं हे उलटसुलट करून पाहिलं. चौथ्या दिवशी दुकानदाराला फोन लावला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, वापरून पाहायची मुदत शिल्लक आहे, गुरुवारी बाराच्या सुमाराला टेम्पो पाठवतो.

वीरेशनं अव्वाला सांगितलं नाही. वेळ आली की सांगू म्हणाला. बुधवारी तिनं त्याला आपणहून विचारलं, "खोलीत कवा येऊन बसशील का रं माझ्याजवळ? दुपारचा?"

"कशाला?"

"काय न्हाई. एक इचारायचं हाय. तू एकटा असताना."

वीरेश कामाचं निमित्त काढून बाहेर पडला.

७

गुरुवारी मेचं ऊन अंगणात भाजत होतं. पावणेबाराला वीरेश घरी आला. दामिनी स्वयंपाकघरात होती, त्याच्याशी बोलली नाही. टेम्पो यायच्या आत अव्वाला उठवून बाहेरच्या खोलीत बसवावं, म्हणून तो आत गेला.

खिडकीवर जाड पडदा होता. कूलर घुमत होता, वाळ्याचा ओला वास येत होता. अव्वा आपल्या बाजूला, डाव्या कुशीवर झोपलेली. श्वास संथ. वीरेश दोन पावलं पुढं गेला आणि थांबला.

अव्वाचा उजवा हात पुढं पसरलेला होता, पण तो गादीवर नव्हता. गादीपासून वीतभर वर होता. तळवा खाली, बोटं किंचित वाकलेली. शेजारी बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवावा तसा तो हवेत टेकला होता. झोपेतल्या माणसाचा हात असा राहत नाही, हे वीरेशला कळत होतं. हात थरथरेल, पडेल, म्हणून तो वाट बघत उभा राहिला. त्यानं दहापर्यंत मोजलं. हात हलला नाही. हाताखालची चादर चार बोटं खोल गेलेली होती.

"अव्वा," त्याच्या तोंडून निघालं.

हात सावकाश खाली आला आणि गादीवर पडला. एरवी संध्याकाळपर्यंत न हलणारा फोम त्याच्याखाली आत्ताच वर येत होता. आधी पुढचे दोन खड्डे भरले, मग मागचा मोठा. अव्वानं डोळे उघडले. तिनं आधी डावीकडे पाहिलं, मग वीरेशकडे.

"आलास? बरं झालं." ती उठून बसली. "दार लोटून घे जरा."

त्यानं दार लोटलं. का लोटलं ते त्यालाही कळलं नाही.

"एक सांग मला. रागावू नगंस." अव्वा पदर सावरत होती. "अप्पाला नीट बसवलं हुतं न्हवं तुमी? मांडी मोडली न्हवती न्हवं?"

"का इचारलालीस? सपनात आले का?"

"सपनात न्हाईत येत. तोंडबी दिसत न्हाई. नुसते बसतेत. मी रोज म्हनते, आडवं व्हा की जरा, किती बसताव. ऐकतच न्हाईत." तिचा आवाज कुरकुरीचा होता, भ्यायलेला मुळीच नव्हता. "मला वाटलं, कायतरी राह्यलं असंल त्यांचं. म्हनून इचारलं. तू सांगितलंस की मला पटंल."

तिच्या शेजारी चादरीच्या सुरकुत्या हलल्या. वीरेशनं ते स्वच्छ पाहिलं. सुरकुत्या एका जागी ओढल्या गेल्या, आधी मागचा गोल खाली गेला, मग उजवा गुडघा, मग डावा. कुणीतरी नीट जागा करून ऐकायला बसलं. अव्वाला ते जाणवलं असावं. तिनं न बघता थोडं सरकून घेतलं.

खरं सांगायचं म्हणून वीरेशनं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांपुढं अव्वाचं कपाळ होतं, त्यावरची विभूती आणि कानशिलाजवळ उडणारी एक निळी शीर. हे ऐकून ही बाई पुन्हा कधी झोपेल? तिच्या नवऱ्याला मातीत आडवा टाकून पोरगा घरी आला, पाय धुतले आणि जेवला, हे ऐकून? ती शीर किती दिवस टिकेल?

"हाव, अव्वा," तो म्हणाला. "चांगलं बसवलं. स्वामींनी सोता मांडी घातली त्यांची. हालले बी न्हाईत."

अव्वाचा चेहरा सैल झाला. चार महिन्यांत त्यानं तिला इतकं निवांत पाहिलं नव्हतं. ती पुन्हा आडवी झाली, डोक्याखाली हात घेतला आणि शेजारच्या जागेकडे तोंड करून समजूत काढल्यासारखं म्हणाली, "ऐकलं न्हवं? पोरगं तोंडानं सांगलालंय. आता तरी पडा जरा."

तिला लगेच झोप लागली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, दामिनी कुणाला तरी थांबा म्हणाली. वीरेशला जायला हवं होतं, पण त्याची नजर त्या खळग्यावरून निघेना. आडव्या माणसाएवढा खळगा लांब होईल, भरून येईल, काहीतरी होईल, म्हणून तो बघत राहिला.

खळगा लांब झाला नाही. तो खोल होत गेला, अप्पांना ठेवलं होतं त्या मातीतल्या खड्ड्यासारखा. चार बोटं, मग वीतभर, मग चादर ताणून फाटायला आली. पलंगाची डावी बाजू करकरली, आणि अव्वाचं हलकं अंग झोपेतच तिकडं घरंगळायला लागलं.